लेकीसाठी घेतलेली गाडी पुरातली निघाली

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात कोणी नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलीसाठी सेकंडहँड गाडी बघत असेल, तर विसार देण्याआधी हे वाचा.

आमची मुलगी खानापूरहून बेळगावात उद्यमबागेत कॉलेजला जाते. पावसाळ्यात त्या रस्त्यावर समोरचा ट्रकही नीट दिसत नाही, म्हणून स्कूटरऐवजी छोटी गाडी घ्यायचं घरात ठरलं. तिचं लायसन्स हातात आल्यावरच शोध सुरू केला. अठराच्या आत पोरांच्या हाती चावी देणाऱ्यांना एवढंच सांगतो, की मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे.

आमची अट एकच होती, दोन एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये कित्येकदा एकही नसते. म्हणून २०१८ चं वरचं मॉडेल शोधलं आणि शहरातल्या एका विक्रेत्याकडे ते मिळालं. केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग, रंग चकचकीत, आरसीवर कर्ज नाही. "काका, इथल्याच डॉक्टरांची गाडी. पोरीला डोळे झाकून द्या," असं तो म्हणाला. स्टिअरिंगवर एअरबॅगची अक्षरं होती, गाडी चालू केली की मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागून विझत होता. ४ लाख ३० हजारांना व्यवहार झाला.

पुढे सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिकने स्कॅनर लावला, तर एअरबॅगचं युनिट काही उत्तरच देईना. हे युनिट बहुतेक गाड्यांत गिअरच्या खाली, फरशीला बोल्टने बसवलेलं असतं. त्याने कन्सोल उघडला आणि मला बोलावून घेतलं. आत वाळलेला गाळ, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज. मीटर काढल्यावर मागे दिसलं, की एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली आहे. म्हणजे दिवा लागायचा आणि विझायचा, पण एअरबॅगशी त्याचा काही संबंध नव्हता.

चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदी काढल्या. गाडी मूळची एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची. जुलै २०१९ पर्यंत कोल्हापुरात वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, त्यानंतर एकही नोंद नाही. त्याच ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला होता आणि शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा भंगार म्हणून विकला जातो. तो घेणारे धुऊनपुसून गाडी उभी करतात. सीमा ओलांडून नाहरकत, इथला टॅक्स आणि नवा नंबर झाला, की ती "बेळगावची गाडी" होते.

बुडालेली गाडी लपवून विकणं हा पैशाचा लोभ झाला. पण ती वायर कोणीतरी बसून, हातात सोल्डरिंग घेऊन, समजून उमजून जोडली आहे. आणि गाडी अठरा वर्षांची मुलगी चालवणार, हे मी विक्रेत्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. हे मला सोडवत नाही.

तर हे करा. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा तसाच जळत राहील. एअरबॅगचा दिवा मात्र काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे. तो लागलाच नाही, किंवा इंजिन सुरू होईपर्यंत ऑइलच्या दिव्याबरोबर जळत राहिला, तर तिथूनच परत फिरा. विक्रेते घाईघाईने स्वतः स्टार्टर मारून दाखवतात; चावी तुमच्या हातात घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, पाण्याची रेघ तिथे राहते. सीटचे रूळ आणि स्टेपनीखालचा खड्डा बोटाने चाचपा. फार अत्तर मारलेलं असेल तर संशय घ्या. नोंदी नंबर प्लेटवरून नव्हे, चेसिस नंबरवरून मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं प्रमाणपत्र लागतं, ते बघायला मागा.

विक्रेता आता 'आहे त्या स्थितीत' या ओळीवर बोट ठेवतो. कागद कन्नडमध्ये होता आणि ती ओळ तळाशी होती. जाणूनबुजून लपवलेला दोष अशा ओळीने माफ होत नाही, असं वकिलांचं मत आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मुलगी सध्या बसने जाते.

कोणाची गाडी अशीच निघाली, तर रागाच्या भरात लगेच दुरुस्त करून घेऊ नका. आधी उघडलेल्या कन्सोलचे आणि मीटरमागच्या जोडणीचे फोटो काढा, मेकॅनिककडून सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घ्या आणि ती वायर कापू देऊ नका. आमच्या तक्रारीत सगळा भार त्या वायरवरच आहे.