पहिला क्रोशाचा पक्षी: सुती दोरा की लोकर, चिमणी की खंड्या?

मिरग लागला की आमच्या वेंगुर्ल्यात क्रोशाच्या सुया बाहेर निघतात. पावसामुळे घराबाहेर पडणं होत नाही आणि चतुर्थीला येणाऱ्या भाचरांच्या हातात काहीतरी घरचं ठेवायचं असतं. गेल्या काही पावसाळ्यांत ओळखीतल्या पाच-सहा जणींना मी पहिला पक्षी विणायला बसवलं. सगळ्यांचे प्रश्न दोनच असतात: दोरा कुठला घेऊ आणि पक्षी कुठला करू?

आधी दोऱ्याचं बोलू. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक असते. सुती दोऱ्याचा टाका तिच्यापेक्षा रेखीव दिसतो, आणि कितीदा उसवला तरी दोरा फारसा बिघडत नाही. पण तो ताणला जात नाही. मुका खांब, म्हणजे क्रोशाचा साधा आखूड टाका, घालताना सुई दोऱ्याच्या पिळात घुसते, दोन पदर वर येतात, एक खालीच राहतो. त्यात आपली दमट हवा. बोटांना घाम येतो, दोरा सरकत नाही, हात नकळत आवळला जातो आणि पुढच्या फेरीत सुई टाक्यात शिरतच नाही. नवशिक्या बायका इथेच काम बाजूला ठेवतात, हे मी पाहिलंय. लोकर जरा ताणली जाते, हात कमीजास्त झाला तरी सांभाळून घेते. मात्र तीन-चारदा उसवली की ती पिंजारते.

शिवाय किनाऱ्यावर ओलीचा विचार करावाच लागतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या सुक्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतं, अॅक्रिलिक जेमतेम १.५ टक्के. आणि आपल्याकडे जुलैत ६५ वर कोण थांबतंय! मी एकदा पांढऱ्या सुताचा बगळा विणला आणि आत जुन्या उशीतला सावरीचा कापूस भरला. खिडकीपाशी टांगला होता. नारळी पौर्णिमेपर्यंत त्याच्या पोटावर काळे ठिपके आले, जवळ नेला की कुबट वास. धुतला तर आतला कापूस गोळा होऊन बसला, चार दिवस वाळेना. फार जीव लावून केला होता, शेवटी उसवला.

म्हणून पावसाळ्यात शिकणार असाल तर लोकर आणि भरायला रेक्रॉन (पॉलिस्टरचा कृत्रिम कापूस), असं मी ठामपणे सांगते. सावरीचा कापूस उशीलाच बरा. त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत, टाक्यांच्या फटीतून बाहेर येतात. सुताला हात घालायचा तर दसऱ्यानंतर, ऊन पडल्यावर. तान्ह्या बाळासाठी मात्र मीही सूतच निवडते, आणि डोळे प्लॅस्टिकचे न लावता दोऱ्याने भरते.

आता पक्षी. वहाळाकाठी पावसात घरटं करायला येणारा तिबोटी खंड्या ज्यांनी पाहिलाय, त्यांना तोच करावासा वाटतो. जांभळा, पिवळा, निळा, चोच लालबुंद, मोह होणारच. पण गोल-गोल विणताना रंग बदलला की त्या जागी पायरी दिसते, आणि ती लांब चोच चार-पाच टाक्यांच्या बारीक नळीसारखी विणावी लागते. बोट आत जात नाही, भरणं नीट होत नाही, चोच लोंबते. तो तिसरा किंवा चौथा पक्षी म्हणून ठेवा.

पहिली चिमणीच करा. तिचं अंग म्हणजे एक चेंडू. मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या वेढ्यात) ६ मुके खांब, पुढच्या फेऱ्यांना १२, १८, २४, ३०. मग सहा फेऱ्या न वाढवता सरळ. नंतर तसंच घटवत १८ वर या, रेक्रॉन भरा आणि ६ वर आणून बंद करा. मध्यम जाडीची लोकर आणि ३ मिमीची सुई असेल तर मोठ्या लिंबाएवढा गोळा होतो. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा, नाहीतर मोजणी हमखास चुकते. पंख म्हणजे दुमडून शिवलेल्या दोन छोट्या चकत्या, आणि चोचीला चार टाके भरले तरी पुरतात.

रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी घ्या. कावळा करायचा म्हणून काळी लोकर आणू नका. आभाळ भरून आलेलं असतं, त्यात दुपारी लाईट गेली की काळ्या लोकरीवरचा टाका डोळ्यांना दिसत नाही, बोटाने चाचपावा लागतो.