ट्रे यंग की जेलन ब्रन्सन: महाविद्यालयीन पॉइंट गार्डची पारख

महाविद्यालयीन पॉइंट गार्ड (चेंडू हाताळून संघाचा खेळ रचणारा खेळाडू) व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये कितपत चालेल, याचा अंदाज बांधू पाहणाऱ्याने 2018 च्या एनबीए ड्राफ्टमधील, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधील संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतील, दोन खेळाडू शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ओक्लाहोमा विद्यापीठाचा ट्रे यंग पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, तर व्हिलानोव्हा विद्यापीठाचा जेलन ब्रन्सन दुसऱ्या फेरीत, 33 व्या क्रमांकावर. दोघांनाही निवडले ते डॅलस मॅव्हरिक्सनेच. मात्र यंगचे हक्क आणि पहिल्या फेरीतील भविष्यातील एक निवड त्यांनी त्याच दिवशी अटलांटा हॉक्सला देऊन स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच पदरात पाडून घेतला. पुढे काय घडले हे आज सर्वांना माहीत असले, तरी तुलना आधी त्या जूनमध्ये उपलब्ध असलेल्या माहितीवरच केली पाहिजे, कारण निवड करणाऱ्याच्या हाती नेहमी तेवढीच असते.

2017-18 च्या मोसमात यंगने सामन्यागणिक 27.4 गुण आणि 8.7 असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) मिळवले. एकाच मोसमात या दोन्ही बाबतींत देशात पहिला येणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. ब्रन्सनची सरासरी 18.9 गुण आणि 4.6 असिस्ट अशी होती, पण वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचे नेस्मिथ आणि वुडन हे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले, आणि 2016 व 2018 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर होती. फटक्यांची अचूकता पाहिली, तर ब्रन्सन स्पष्टपणे पुढे दिसतो: एकूण 52 टक्के आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून जवळपास 41 टक्के, तर यंगचे तेच आकडे 42 आणि 36. तरीही नेमबाज म्हणून मी यंगलाच वरचे स्थान देतो. तो सामन्यागणिक दहाहून अधिक थ्री-पॉइंटर घेत होता, आणि त्यांतील कितीतरी ड्रिबल करत असताना, अंगावर बचावपटू असताना, रेषेच्या बऱ्याच मागून घेतलेले होते. महाविद्यालयीन रेषा तेव्हा 20 फूट 9 इंचांवर होती आणि एनबीएची मधल्या भागात 23 फूट 9 इंचांवर आहे; यंगला हे जादा अंतर नव्याने शिकायचे नव्हते. फ्री थ्रोमधील (फाउलनंतर बचावाविना मिळणाऱ्या फटक्यांतील) 86 टक्के अचूकताही त्याच्या हाताची खात्री देत होती. लहान नमुन्यावर आधारलेल्या थ्री-पॉइंटच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोचा आकडा अधिक विश्वासार्ह असतो, असे माझे मत आहे.

यंगबद्दलची खरी शंका टर्नओव्हरची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडू गमावण्याची, होती. सामन्यागणिक 5.2 वेळा चेंडू गमावणारा गार्ड आणि केवळ 1.8 वेळा गमावणारा गार्ड यांत निवड सोपी वाटते, परंतु चेंडू कसा गमावला हे चित्रफितीत पाहिल्याशिवाय तो आकडा वापरू नये. अवघड पास देण्याच्या प्रयत्नात गेलेला चेंडू दृष्टी असल्याची खूण असू शकतो. 19 डिसेंबर 2017 रोजी नॉर्थवेस्टर्न स्टेटविरुद्ध 22 असिस्ट देऊन राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी करणाऱ्या मुलाला ती दृष्टी नक्कीच होती. दुहेरी बचावापुढे हातातून हिसकावला गेलेला चेंडू मात्र अधिक चिंतेचा, आणि मोसमाच्या उत्तरार्धात प्रतिस्पर्धी यंगवर दोन-दोन माणसे सोडू लागले तेव्हा तेही दिसले. 14 विजय आणि 2 पराभव अशी सुरुवात करणारा ओक्लाहोमा अखेर 18 विजय आणि 14 पराभवांवर थांबला. यंगवर संपूर्ण संघाचा भार होता हे खरे, पण व्यावसायिक लीगमध्येही त्याला त्याच सापळ्यांतून वाट काढायची होती.

ब्रन्सनवरील आक्षेप नेमके उलट दिशेचे होते. त्याच्या संघातील मिकल ब्रिजेस, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो आणि ओमारी स्पेलमन हे तिघेही त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी, अनुक्रमे 10, 17 आणि 30 व्या क्रमांकावर गेले. त्यामुळे त्याचे आकडे उत्तम सहकाऱ्यांमुळे फुगले असावेत, ही शंका रास्त होती. त्याचा बाविसावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता आणि यंग 19 वर्षांचा होता. उंची दोघांचीही सव्वासहा फुटांच्या आत, उडी बेताची. यावरून ‘हा खेळाडू तयार आहे, पण आता वाढणार नाही’ असा निष्कर्ष काढला गेला, आणि तो मला तर्काने कच्चा वाटतो. प्रशिक्षक जे राइट यांच्या संघात दोन्ही पायांवर थांबणे, पिव्होट करणे (एक पाय रोवून वळणे), फटक्याची हूल देणे यांवर सतत मेहनत घेतली जात असे, आणि ब्रन्सन बुटक्या गार्डना पाठीवर घेऊन बास्केटजवळ नेऊन गुण मिळवत असे. एनबीएत समोरचा गार्ड उंच असेल म्हणून हे चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्यामागची यंत्रणा पाहिली नाही. खांद्याने जागा करणे, बचावपटूचा तोल गेल्याच्या क्षणी वळणे आणि त्याची उडी संपल्यावर फटका सोडणे या गोष्टी प्रतिस्पर्ध्याच्या उंचीपेक्षा स्वतःच्या पायांवर आणि वेळेच्या जाणिवेवर अवलंबून असतात. शिवाय शॉट क्लॉक (फटका मारण्यासाठी मिळणारा वेळ) 30 सेकंदांवरून 24 वर येतो, तेव्हा गर्दीत स्वतःसाठी फटका निर्माण करणाऱ्याची किंमत वाढते.

बचावात दोघेही कमकुवत दुवे ठरणार, हे उघड होते. ब्रन्सनचा बांधा अधिक भक्कम असल्याने तो थोडा कमी खुपणार होता, इतकाच फरक.

पडताळणी दोघांच्याही बाजूने झाली. यंगने 2021 मध्ये पहिल्या फेरीत न्यूयॉर्क निक्सला 4-1 ने हरवून पुढे हॉक्सला ईस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम फेरीपर्यंत नेले, आणि 2021-22 मध्ये एकूण गुण व एकूण असिस्ट या दोन्हींत तो लीगमध्ये पहिला आला, जे 1972-73 मधील नेट आर्चिबाल्डनंतर कोणालाही जमले नव्हते. टर्नओव्हरची सवयही मात्र त्याच्याबरोबर आली. ब्रन्सन डॅलसमध्ये चार वर्षे डॉन्चिचच्या सावलीत खेळला. 2022 च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) डॉन्चिच जखमी असताना त्याने युटा जॅझविरुद्ध 41 गुण केले आणि त्याच उन्हाळ्यात निक्सने त्याला चार वर्षांसाठी 10.4 कोटी डॉलरचा करार दिला. 2023-24 मध्ये त्याची सरासरी 28.7 गुणांवर पोहोचली आणि 2025 मध्ये निक्स 25 वर्षांनी कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत खेळले.

आता निवडीचा प्रश्न. ज्या संघाकडे खेळ रचणारा कोणीच नाही आणि ज्याला सगळी मांडणी एकाच गार्डभोवती करण्याची तयारी आहे, त्याने पाचव्या क्रमांकावर यंगलाच घ्यावे. त्या जागी मीही ब्रन्सनला घेतले नसते. परंतु विसाव्या क्रमांकानंतर, जिथे निवडलेल्या खेळाडूकडून एरवी राखीव फळीपुरतीच अपेक्षा असते, तिथे वय आणि उडी यांच्या कारणास्तव ब्रन्सनला वगळणे ही पारखीतील गंभीर चूक होती. ज्या संघात आधीच एक मोठा तारा आहे, त्याने तर अशाच गार्डचा शोध घ्यावा, कारण कमी चेंडू मिळूनही त्याचा उपयोग टिकतो. पुढच्या ड्राफ्टसाठी एखाद्या गार्डची फाइल उघडाल, तेव्हा मोसमाच्या सरासरीआधी फेब्रुवारी आणि मार्चमधील ते सामने पाहा, ज्यांत प्रतिस्पर्ध्याने त्याच्यावर मुद्दाम दोन बचावपटू सोडले होते.