चेर्नोबिलच्या मुलांसाठी पैसे कुठे द्यावेत: कॉर्कच्या संस्थेबद्दल माझं मत

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एप्रिल आला की युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताचा विषय निघतोच. चेर्नोबिल चिल्ड्रन इंटरनॅशनल ही संस्था याच शहरातली. ॲडी रोश यांनी १९९१ मध्ये ती सुरू केली आणि तेव्हापासून पंचवीस हजारांहून जास्त मुलं ती आयर्लंडला घेऊन आली आहे. इथल्या कितीतरी घरांत चेर्नोबिलच्या शेजारच्या बेलारूस देशातलं एखादं मूल राहून गेलेलं असतं. आमच्याकडेही एक मुलगी एका उन्हाळ्यात राहिली, पण ती दुसऱ्या एका छोट्या स्थानिक गटामार्फत आली होती. पैसे मात्र मी कॉर्कच्या संस्थेला देते. मंडळातल्या मैत्रिणी विचारत असतात, 'देऊ का? कशासाठी देऊ?' म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. हृदयाच्या ऑपरेशनच्या कामाला पहिले पैसे द्या, अनाथाश्रमातल्या मुलांना घर देण्याच्या कामाला दुसरे. उन्हाळी मुक्कामाचा नंबर माझ्या लेखी तिसरा.

मी मिरजेला नर्सिंग केलं आणि पुण्यात लहान मुलांच्या हृदयविभागात आयसीयूला होते, त्यामुळे हे काम मला आतून कळतं. हृदयाच्या पडद्याला मोठं भोक असलेलं बाळ दूध ओढतानाच दमतं, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. भोक वेळेत बुजवलं तर ते मूल चारचौघांसारखं मोठं होतं. उशीर झाला तर फुप्फुसातला दाब कायमचा वाढून बसतो आणि मग ऑपरेशन करताच येत नाही. आईवडिलांना हे सांगणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी मी उभी राहिले आहे. तेव्हा आईचा चेहरा बघवत नाही.

अमेरिकन सर्जन विल्यम नोविक यांच्या टीमबरोबर या संस्थेनं युक्रेनमधल्या खारकिव्हला वर्षानुवर्षं ऑपरेशनं करवली. संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे आतापर्यंतचा आकडा चार हजारांच्या वर आहे. मला आकड्यापेक्षा पद्धत जास्त पटते. बाहेरची टीम येते, ऑपरेशन करते आणि करता करता तिथल्याच सर्जनना, भूलतज्ज्ञांना, आयसीयूच्या नर्सना तयार करते. नर्सना शिकवणं हा यातला फार मोठा भाग आहे. टाके घालून झाले म्हणजे काम संपलं असं बाहेरच्यांना वाटतं, पण खरी परीक्षा पहिल्या रात्री असते. ड्रेनमधून, म्हणजे छातीत बसवलेल्या नळीतून, रक्त किती येतंय, लघवी होतेय का, व्हेंटिलेटर कधी उतरवायचा, हे रात्री तीन वाजता बेडपाशी उभ्या असलेल्या नर्सला कळलं पाहिजे. टीम परत गेली तरी ती नर्स तिथेच असते. २०२२ मध्ये रशियानं हल्ला केला, खारकिव्हवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा हे काम पश्चिमेला ल्विव्हला नेलं, पण थांबवलं नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. जन्मजात हृदयदोष जगभर सगळीकडे असतो, हजारात आठ-नऊ बाळांना. युक्रेन-बेलारूसमधला प्रत्येक दोष किरणोत्सर्गानंच झाला असं कुणी सांगत असेल तर तसं सिद्ध झालेलं नाही. ज्याबद्दल वाद नाही ते म्हणजे थायरॉइडचा कॅन्सर. २६ एप्रिल १९८६ ला चौथी अणुभट्टी फुटली, किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडलं, गवतातून गाईत, दुधातून मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीत गेलं. तेव्हा अठरा वर्षांखालच्या असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे सहा हजारांवर रुग्ण नोंदले गेले. वेळेत उपचार मिळाल्यामुळे त्यातले बहुतेक वाचले. बाकीच्या आजारांबाबत पुरावा इतका सरळ नाही. पण म्हणून ऑपरेशनला द्यायचे नाहीत का? द्यायचेच. भोक कशामुळे पडलं याचा निकाल लागेपर्यंत बाळ थांबू शकत नाही, आणि त्या भागात असं ऑपरेशन सहज मिळत नव्हतं.

आता उन्हाळी मुक्काम. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे ते काही महिन्यांतच संपलं. सीझियम-१३७ या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. ते जंगलाच्या जमिनीत आहे, अळंबीत आणि रानातल्या बेरींत उतरतं. शरीरातून मात्र ते हळूहळू बाहेर पडतं, मुलांच्या शरीरातून मोठ्यांपेक्षा लवकर. महिनाभर स्वच्छ अन्न पोटात गेलं की शरीरातलं प्रमाण बरंच उतरतं. या दौऱ्यांमागचं शास्त्र एवढंच आहे आणि ते खरं आहे.

आमच्याकडे आलेली मुलगी बेलारूसच्या गोमेल भागातल्या खेड्यातली होती. आल्या संध्याकाळी तिनं बॅगेतून आजीनं दिलेली भेट काढली, दोऱ्यात ओवलेली सुक्या अळंबीची लांबलचक माळ. आजीबरोबर जंगलात जाऊन स्वतः वेचलेली. गटाच्या बाईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, अशी भेट प्रेमानं घ्या, पण शिजवू नका. आम्ही तसंच केलं. मुलगी आमच्याकडे वरणभात-तूप आवडीनं खायला शिकली, गावातल्या डेंटिस्टनं तिचे किडलेले दात फुकट भरून दिले, समुद्र पाहिला, गालावर रंग आला. पण परत गेल्यावर ती आजीच्याच स्वयंपाकघरात जेवणार होती, आणि त्या घरात जंगलातलं अन्न हौसेचं नसून गरजेचं होतं. उतरलेलं सीझियम पुन्हा चढणारच. दात भरलेले राहतात, माया राहते, ती आजही आम्हाला फोन करते. म्हणून मुक्काम वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त विमानाच्या तिकिटाचा खर्च आणि एका ऑपरेशननं होणारा फायदा शेजारी ठेवून पाहिले की माझा हात ऑपरेशनकडे जातो.

शिवाय हे दौरे राजकारणावर अवलंबून असतात. २००८ मध्ये एका मुलीनं अमेरिकेतून परतायला नकार दिला, तर बेलारूस सरकारनं मुलांना परदेशी पाठवणंच बंद केलं. मग देशोदेशींना वेगवेगळे करार करावे लागले. पुढे कोविड आला, मग युद्ध. या बाबतीत क्यूबाचं मला फार कौतुक वाटतं. १९९० पासून २०११ पर्यंत हवानाजवळच्या ताराराला त्यांनी चेर्नोबिलच्या वीस हजारांहून अधिक मुलांवर फुकट उपचार केले, तेही सोव्हिएत संघ कोसळल्यावर स्वतःच्या घरात खायचे वांधे असताना. तिथे मुलं गरजेप्रमाणे महिनोन्‌महिने राहायची, डॉक्टर बरे झालेत म्हणतील तेव्हाच परत जायची.

कॉर्कच्या संस्थेचं आणखी एक काम फारसं कुणी बोलत नाही असं, 'होम्स ऑफ होप'. बेलारूसमध्ये घर घ्यायचं, तिथल्याच एका जोडप्याला पालक म्हणून नेमायचं आणि संस्थागृहातली मुलं तिथे कुटुंबात वाढवायची. तिथल्याच वेस्नोव्हाच्या आश्रमातल्या अपंग मुलांसाठीही त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. मूल त्याच्या भाषेत, त्याच्या गावाजवळ मोठं होतं, म्हणून मला हे पटतं.

देण्याआधी एक बघा. एका दुसऱ्याच गटाचं पत्रक आमच्या दारात आलं होतं. त्यावर वाकड्या हातापायांच्या मुलाचा मोठा फोटो, पण पैसे कशावर खर्च होणार याची एक ओळ नाही. मी फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, 'मुलांसाठी.' अशांना देऊ नका. त्या मुलाची परवानगी कुणी घेतली होती, हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. आयर्लंडमध्ये चॅरिटीज रेग्युलेटर, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या नोंदवहीत संस्थेचं नाव शोधा, वर्षाचा हिशेब वाचा.

इथे कर भरत असाल तर वर्षाला २५० युरो किंवा जास्त एकाच मान्यताप्राप्त संस्थेला द्या आणि त्यांचा फॉर्म भरा, म्हणजे त्यावरचा कर सरकारकडून संस्थेला मिळतो, तुमच्या खिशाला जादा झळ नाही. भारतातून पाठवणार असाल तर आयकराची ८०जीची सवलत परदेशी संस्थेला लागू नाही, हे धरून चाला. मूल घरी ठेवायचं असेल तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलीस तपासणी, म्हणजे गार्डा व्हेटिंग, करावी लागते. त्याला वेळ लागतो, अर्ज हिवाळ्यातच टाका. आणि पैसे देताना 'कार्डिॲक', म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनसाठी, असं लिहून द्यायला विसरू नका.