डायलवरचे १८० आणि आतले १८०: ओटीजी वापराचे ११ महिने

चहा-कॉफीसोबत खायला घरचं काहीतरी गोड असावं, दरवेळी विकतच्या पुड्यावर भागवायला लागू नये, एवढ्यासाठी मी २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला छोटा विजेचा ओव्हन, घेतला. त्याला आता ११ महिने झाले. आठवड्यातून दोनदा तो लागतोच, कधी तीनदाही. त्याच्या सगळ्या खोडी मला आता पाठ आहेत आणि त्याच्यावर जीवही जडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर नुसती तक्रार झाली असती, आणि तीही चुकीच्या गोष्टीची.

पहिला केक मुद्दाम साधा निवडला होता. मैदा, साखर, बटर आणि अंडी, चारही जिन्नस सारख्या वजनाचे. कृतीत १८० अंश आणि ४५ मिनिटं दिली होती. पंचविसाव्या मिनिटाला वरचा थर गडद तपकिरी झाला, मधोमध भेग पडली आणि त्या भेगेतून पातळ मिश्रण वर आलं. काडी घातली तर ओलं पीठ चिकटून आलं. पुढच्या दोन वेळीही हेच. मी मैदा बदलला, बेकिंग पावडर कमी केली, एकदा अंडी जास्त फेटली, एकदा कमी. कृतीच फसवी असेल असं समजून दुसरी घेतली. खरी खोट तापमान लावायच्या डायलमध्ये होती आणि ते कळायला सहा आठवडे गेले. नवीन ओटीजी घेणाऱ्या कुणाचे तरी ते सहा आठवडे वाचावेत असं मनापासून वाटतं.

मला ते कळलं साखरेमुळे. आपली नेहमीची साखर साधारण १८६ अंशांना वितळते. म्हणजे आतलं तापमान खरंच १७५ असेल तर साखर दाणेदार राहायला हवी, आणि १९० असेल तर तिचं पाणी व्हायला हवं. मी फॉइलची छोटी वाटी केली, त्यात चमचाभर साखर घातली, डायल १७५ वर ठेवून ओव्हन चांगला तापू दिला आणि वाटी मधल्या जाळीवर ठेवली. काचेतून बघत बसले. दहा मिनिटांत कडेचे दाणे काचेसारखे पारदर्शक झाले, मग एकमेकांत मिसळले आणि बाराव्या मिनिटाला कडेला मधासारखा रंग आला. (वाटी फार वेळ आत ठेवू नका. कमी तापमानालाही साखर हळूहळू पिवळी पडते आणि अंदाज चुकतो. मी १५ मिनिटांच्या वर जात नाही.)

त्यानंतर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला. डायल १८० वर असताना आत २०५ होते. कंपनीच्या सेवा केंद्रात फोन केला, माणूस आला, नॉब दोनदा फिरवून म्हणाला, "ताई, एवढं पुढेमागे असतंच." वॉरंटीतलं मशीन होतं, पण ना थर्मोस्टॅट (तापमान ताब्यात ठेवणारा भाग) बदलून मिळाला ना मशीन. २५ अंशांचा फरक हा पुढेमागे नव्हे, त्यात केक करपतो. हा राग माझा अजून गेलेला नाही.

थर्मामीटर वाचायचीही एक रीत आहे. थर्मोस्टॅट आतला तापणारा रॉड सतत पेटता ठेवत नाही. आत ठरल्यापेक्षा गरम झालं की बंद करतो, गार झालं की पुन्हा पेटवतो. त्यामुळे आकडा वरखाली होतच राहतो आणि एकदाच बघून काही ठरवता येत नाही. मी एका दुपारी काहीही न भाजता दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले, त्यांची सरासरी काढली आणि एक चिठ्ठी ओटीजीच्या वरच्या कपाटाला आतून चिकटवली: १४० म्हणजे १६०, १६० म्हणजे १८०, १८० म्हणजे २०५, २०० म्हणजे २२५. त्या चिठ्ठीनंतर एकही केक फाटला नाही. तीच पहिली कृती, तेच साहित्य, डायल फक्त १६० वर.

फाटायचा का, तेही समजून घेतलं. वरचा थर लवकर वाळून कडक झाला की तो पुढे ताणत नाही. आतलं मिश्रण मात्र नंतर तापतं आणि फुगायला लागतं. त्याला वाट हवी असते, ती ते साल फोडून करून घेतं. छोट्या ओव्हनमध्ये हा त्रास जास्त, कारण वरचा रॉड केकपासून जेमतेम दहा-बारा सेंटीमीटरवर असतो. म्हणून टिन नेहमी खालच्या जाळीवर ठेवते, केकसाठी बऱ्याचदा फक्त खालचा रॉड लावते आणि शेवटची पाच-सात मिनिटं वरचा. टिनही फिक्या रंगाचं घेतलं. काळं टिन उष्णता जास्त शोषतं आणि कडा करपवतं. पंखा लावला तर २० अंश कमी धरायचे, कारण हलती गरम हवा उष्णता लवकर पोचवते. माझ्या ओटीजीचा पंखा एका बाजूला आहे, त्या बाजूची बिस्किटं आधी लाल होतात. अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावाच लागतो.

ओटीजीखालोखाल उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे वजनकाटा. कपाने मोजलेला मैदा कधी १२० ग्रॅम भरतो, दाबून भरला तर १५० ग्रॅम. दोन-तीन कपांच्या कृतीत हा फरक केक मऊ होणार की घट्ट ते ठरवतो. अंडंही आता तोलते, सालाशिवाय साधारण ५० ग्रॅम धरून.

आता काय काय केलं ते. क्रीमचा केक मी चहासोबत सोडूनच दिला. चहाचा तुरटपणा आणि कॉफीचा कडवटपणा यांना सोबत हवी ती कमी गोड, भाजलेल्या वासाची आणि थोडी कोरडी. साखरेचा थर जिभेवर बसला की पुढचा चहाचा घोट पाण्यासारखा लागतो. म्हणून केकमधली साखर मी पाचव्या हिश्शाने कमी करते. त्याहून खाली गेले तेव्हा केक फिकट आणि भुसभुशीत झाला. साखर नुसती गोडीपुरती नसते, ती ओलावा धरून ठेवते आणि रंगही आणते.

या सगळ्यात जिंकली बिस्कॉटी, म्हणजे कडक इटालियन बिस्किटं. नावाचाच अर्थ दोनदा भाजलेलं. इटलीत टस्कनीमधल्या प्रातो शहराची बदामाची बिस्कॉटी प्रसिद्ध आहे आणि तिकडे ती गोड वाइनमध्ये बुडवून खातात. मला ती कॉफीसाठीच जन्मली आहे असं वाटतं. मी मैदा २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, २ अंडी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि भाजलेले अख्खे बदाम १०० ग्रॅम घेते. बटर अजिबात नाही, म्हणून तर ती इतकी कडक होते आणि टिकते. पीठ चिकट असतं, हात ओले करून त्याचे दोन लांबट लोड वळायचे. खरे १८० अंश, २५ मिनिटं. मग बाहेर काढून १५ मिनिटं गार करायचे. ही १५ मिनिटं मी सुरुवातीला गाळायचे आणि कापताना चुरा व्हायचा. गरम लोड आतून अजून मऊ असतो, सुरी बदामावर अडते आणि बदाम भोवतालचं पीठ ओढून नेतो. थोडा गार झालेला लोड दातेरी सुरीने तिरका, दीड सेंटीमीटर जाडीचा कापला की बदामही स्वच्छ कापला जातो आणि पांढरी चकती दिसते. मग चकत्या आडव्या मांडून खऱ्या १५० वर प्रत्येक बाजूला १० मिनिटं.

झाली की नाही हे बाबा ठरवतात. ते काळी कॉफी पितात. बिस्कॉटी उचलून बशीच्या कडेवर टकटक करतात. आवाज खणखणीत आला तर मान हलवतात, बद्द आला तर म्हणतात, "अजून पाच मिनिटं, बाळा." त्यांचा कान अजून चुकलेला नाही. मी आता आवाजासाठीच एक तुकडा आधी बाहेर काढते, गार करते आणि मग उरलेल्यांचं ठरवते, कारण गरम असताना सगळ्याच मऊ वाटतात. हवाबंद डब्यात त्या दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात.

शॉर्टब्रेड, म्हणजे भरपूर बटरची खुसखुशीत बिस्किटं, लक्षात ठेवायला सोपं: वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ३०० ग्रॅम. हे खऱ्या १६० वर हळू भाजायचं, रंग फिकट सोनेरीच हवा. इथे सगळा खेळ बटरचा. बोटाने दाबल्यावर खळी पडावी पण बोट आत रुतू नये, म्हणजे साधारण १८ ते २० अंश. एकदा बटर फारच मऊ झालेलं असताना घाई केली, तर बिस्किटांच्या कडा ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटल्या. तेव्हापासून कापलेली बिस्किटं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच भाजते.

केळ्याचा केक चहासोबत घरात सगळ्यात लवकर संपतो. केळी साल काळी पडेपर्यंत ठेवायची, कारण पिकताना तिच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि वरून साखर कमी लागते. यात सोडा घालते, आणि सोड्याला आंबट काहीतरी लागतं म्हणून दोन चमचे दही. हा केक दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. गुंडाळून बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये केक लवकर शिळा लागतो, कारण त्या तापमानाला मैद्यातला स्टार्च भराभर घट्ट होतो. जास्त दिवस ठेवायचा तर चकत्या करून फ्रीजरमध्ये.

बेकिंग पावडरचा डबा मात्र तारखेवर सोडू नका. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकली की जोरात फसफसली पाहिजे. एका महिन्यात माझे दोन केक बसले ते यामुळेच, डबा ओलसर जागी ठेवला होता. १८४३ साली अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्लिश केमिस्टने बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. पीठ तासन्‌तास फुगवत न बसता पाहुणे यायच्या आधी तासाभरात केक होतो, तो त्या पावडरमुळे. मला दर वेळी चमचा भरताना याचं अप्रूप वाटतं.

मॅडलीन, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचा छोटा फ्रेंच केक, दोनदा केली आणि सोडली. तिला पाठीवर उंचवटा यायला सुरुवातीलाच जोरदार आच लागते, आणि माझ्या ओटीजीचं दार उघडलं की आकडा ३०-४० अंश उतरतो, सावरायला चार-पाच मिनिटं घेतो. मोठ्या ओव्हनमध्ये ती छान होत असणार.

मशीन म्हणून सांगायचं तर २८ लिटर घरच्या चहाला पुरतं, पण बिस्किटांचे दोन ट्रे एकदम लावू नका, खालचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. पातळ ट्रे तापताना ठण्‌कन वाकतो आणि केकचं मिश्रण एका बाजूला कलंडतं, तो मी चौथ्या महिन्यात बदलला. टायमर घड्याळापेक्षा ३० मिनिटांत दोन मिनिटं आधी वाजतो, म्हणून वेळ फोनवर लावते. दाराची स्प्रिंग सैल झाली आहे. बाहेरचा पत्रा चांगलाच तापतो, भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा. तळाचा चुऱ्याचा ट्रे दर वेळी काढून पुसला नाही तर सांडलेली साखर पुढच्या वेळी जळते आणि धुराचा वास केकला लागतो. वीज भीती वाटावी इतकी लागत नाही: १५०० वॅटचं मशीन तासभर सलग पेटलं तर दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

गेल्या रविवारी पुन्हा फॉइलची वाटी करून साखर ठेवली, थर्मामीटरही शेजारी. डायल १८० वर असताना आता आत २१० येतात. जुनी चिठ्ठी काढून नवी लावली आहे, आणि बिस्कॉटीचा दुसरा फेरा १३० ऐवजी १२५ वर करते.