वायरलेस माइकचा रिसीव्हर: आठ महिने वापरल्यावर

गेल्या जुलैत पुण्यातल्या तापकीर गल्लीतून दोन चॅनलचा यूएचएफ (रेडिओ लहरींचा एक पट्टा) सेट आणला. एक हँडमाइक, एक बॉडीपॅक (कपड्यावरच्या माइकला जोडून कमरेला लावायची डबी) आणि या दोघांचा सिग्नल पकडून मिक्सरला देणारा रिसीव्हर. आमच्या पेठेतल्या छोट्या सभागृहात दर महिन्याला नारदीय कीर्तन असतं आणि साउंड मी बघतो. पूर्वरंगात बुवा एका जागी उभे असतात, पण उत्तररंगात आख्यान रंगलं की फिरतात, पेटीवाल्याकडे वळतात, आणि स्टँडवरच्या माइकमधून नेमका मोक्याचा शब्द निसटतो. आधीचा सेट २.४ गिगाहर्ट्झचा होता. वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये उत्तम चालायचा आणि श्रोते येऊन बसले की तुटायचा.

नवीन सेटचा पहिला महिनाही वाईटच गेला. पैसे वाया गेले असं वाटलं होतं. चूक सेटची नव्हती. रिसीव्हर मी हॉलच्या मागे, मिक्सरशेजारी टेबलावर ठेवला होता आणि बाजूला लोखंडी कपाट. माणसाच्या शरीरात बरंचसं पाणी असतं आणि यूएचएफ लहरी ते शोषून घेतं. बुवा आणि रिसीव्हर यांच्यामध्ये भरलेला हॉल बसला की सिग्नल पोचणार कसा? आता रिसीव्हर विंगेत, उंच स्टँडवर, बुवा थेट दिसतील असा असतो. तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची केबल नेली. पंचवीस मीटर बॅलन्स्ड (बाहेरची खरखर सहसा न उचलणाऱ्या) ऑडिओ केबलने आवाजाचं काही बिघडत नाही. अँटेनाची केबल मात्र तेवढी लांब नेली तर सिग्नल वाटेतच विरतो. एका दुकानात मला अँटेनासाठी टीव्हीची केबल देत होते. ती ७५ ओहमची, रिसीव्हर ५० ओहमचा. घेऊ नका.

दोन्ही अँटेना इंग्रजी व्हीसारख्या तिरक्या ठेवायच्या. बुवा वाकले, वळले की बॉडीपॅकची अँटेनाची तार आडवी-तिडवी होते. अशा वेळी दोनपैकी एका अँटेनाला तरी सिग्नल नीट मिळतो आणि रिसीव्हर आपोआप तिच्याकडे जातो. कार्यक्रम चालू असताना ए आणि बी हे दोन दिवे आलटून पालटून लागताना दिसतात. एकच दिवा सतत लागलेला दिसला तर दुसऱ्या अँटेनाच्या आड काही आलंय का, ते बघा.

फ्रिक्वेन्सीचा धडा गणपतीत मिळाला. मंडपात दुपारी चार वाजता स्कॅन केलं, सगळं मोकळं दिसलं. रात्री आठला शेजारच्या गल्लीतल्या मंडळाची आरतीची सूचना आमच्या स्पीकरमधून येऊ लागली, तीही आमचे पाहुणे बोलत असताना. मला फार अपराधी वाटलं. दुपारी त्यांचे माइक बंद होते, एवढंच. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन माइक आले तर रिसीव्हर जोरदार सिग्नल उचलतो, तो कोणाचा आहे हे त्याला कळत नाही. तेव्हापासून मी स्कॅन कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी करतो. आपले माइक बंद, बाकी सगळं, एलईडी स्क्रीनसकट, चालू.

त्या दिवशी भाड्याने तिसरा माइकही आणला होता. ६००, ६०१, ६०२ मेगाहर्ट्झ अशा समान अंतरावर तिन्ही माइक लावू नका. पहिल्या दोघांच्या मिसळण्यातून नवीन फ्रिक्वेन्सी तयार होते: ६०१ची दुप्पट वजा ६००, म्हणजे नेमकं ६०२. तिसऱ्या माइकच्या डोक्यावरच! एकाच कंपनीचे, एकाच पट्ट्यातले माइक असतील तर रिसीव्हरमध्ये दिलेल्या एकाच ग्रुपमधले चॅनल घ्या, ही आकडेमोड त्यांनी आधीच केलेली असते.

जुना, स्वस्त सेट मिळत असेल तर मागचं लेबल वाचा. २०२२च्या सरकारी स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही मोबाइलसाठी गेला. ७०३ ते ७४८मध्ये फोन बोलतात, ७५८ ते ८०३मध्ये टॉवर. तिथला माइक आज कितीही स्वस्त पडला तरी घेऊ नये.

गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) बुवांच्या बोलण्यावर नाही, गजरावर लावतो. 'जय जय रामकृष्ण हरी' पूर्ण आवाजात म्हणायला सांगायचं, रिसीव्हरवरचा पीकचा (आवाज मर्यादेला पोचल्याचा) दिवा क्वचितच लुकलुकेल इतपत बॉडीपॅकचा गेन ठेवायचा, मग मिक्सर.

तक्रारी दोन. बॉडीपॅकचं सेलचं झाकण सहा महिन्यांत सैल झालं. आणि घाम. आता पॅक पातळ कापडी पिशवीत घालून कमरेला लावतो, तार अंगाला न चिकटता सरळ लोंबेल अशी.

चार्जिंगचे सेल वापरत असाल तर बॉडीपॅकवर सेल किती उरला ते दाखवणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नका. ते १.२ व्होल्टचे, साधे १.५चे, आणि मीटर साध्यांसाठी बनवलेला. माझ्याकडे दोन पट्ट्या दिसत असतानाच पॅक बंद पडला. तेव्हापासून मध्यंतरात सेल बदलतोच, आणि स्टेजच्या कोपऱ्यात वायरचा एक माइक लावून, मिक्सरवर म्यूट करून ठेवतो. आठ महिन्यांत तो दोनदा लागला, दोन्ही वेळा सेलमुळेच.