मेलबर्न की गॉल?

भारताची एक तरी टेस्ट परदेशात जाऊन पाहायची, हे पांढरकवड्याकडच्या आम्हा चौघांचं जुनं खूळ.

मेलबर्नची टेस्ट २६ डिसेंबरला सुरू होते. सुमारे एक लाख माणसांचं मैदान, थाटच वेगळा. पण तेव्हा आमच्याकडे कापसाची वेचणी ऐन भरात, मजूर मिळता मिळत नाहीत. शिवाय व्हिसासाठी बँकेतली शिल्लक दाखवा. आमची पेरणीतच उडालेली. तोच सामना इथे पहाटे पाचला टीव्हीवर लागतो, रजईत बसून फुकट.

श्रीलंकेतल्या गॉलला कोलंबोहून समुद्राला खेटून रेल्वे जाते. घड्याळही आपलंच. मैदानाला लागून जुना किल्ला, त्याच्या तटावरून सामना दिसतो. गावची टुर्नामेंट धुऱ्यावर बसून पाहणारे आम्ही, आम्हाला आणखी काय पाहिजे! २०१७ मध्ये इथेच शिखर धवनने १९० काढल्या आणि भारत ३०४ धावांनी जिंकला. फक्त तो महिना जुलै होता, म्हणजे डवरणीचा, पिकातलं तण काढायचा.

तरी माझं मत गॉललाच. मोठा भाऊ म्हणतो, ‘‘डवरणी चार दिवस थांबते गा, फुटलेला कापूस थांबत नाही.’’