५ किलोवॉटच्या घराला ४० किलोवॉटचा बॉयलर

इंग्लंडमध्ये जुनं घर विकत घेऊन पहिलाच हिवाळा काढणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे गरम पाण्यासाठी १५ लिटरचा गिझर आणायचा, भिंतीला टांगायचा, विषय संपला. घर तापवण्याची यंत्रणा आपण कोणी आयुष्यात विकत घेतलेली नसते. नेमक्या याच गोष्टीवर आमच्या भागातली एक कंपनी धंदा करते. एका घरी बॉयलर बसवला की त्यांच्याकडून ओळखीच्या चार घरांचे फोन नंबर घेते आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे त्यांना बक्षीस देते. आपल्या माणसाने सुचवलंय म्हटल्यावर दार उघडलं जातं. आमचंही तसंच उघडलं.

आमचं घर १९५० च्या दशकातलं, तीन बेडरूमचं, एका बाजूने शेजाऱ्यांना लागून. आधीच्या मालकांनी भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन भरून घेतलेलं, खिडक्यांना दुहेरी काच, माळ्यावर २७० मिलिमीटरचा थर. बॉयलर जुना २४ किलोवॉटचा कॉम्बी होता. कॉम्बी म्हणजे रेडिएटरही तोच तापवतो आणि नळाला गरम पाणीही तोच देतो. तो व्यवस्थित चालू होता.

'मोफत तपासणी'ला आलेल्या माणसाने बॉयलरचं झाकणसुद्धा काढलं नाही. घरभर फिरून रेडिएटर मोजले, बाथरूम दोन आहेत म्हणून टिपून घेतलं आणि शाल घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे बघून म्हणाला, "मॅडम, आईंना थंडी सोसत नाही ना? हा बॉयलर या घराला पुरतच नाही. शिवाय हा आता धोकादायक आहे, कधीही बंद पडेल."

या 'धोकादायक'बद्दल आधी सांगते, कारण सगळा सौदा त्या एका शब्दाने उरकला जातो. इथे गॅसचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या माणसालाच करता येतं. त्याच्याकडे फोटोचं कार्ड असतं आणि कार्डाच्या मागे त्याला कोणकोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. अशा इंजिनियरला उपकरण खरोखर धोक्याचं आढळलं, तर तो त्याचा वर्ग ठरवतो, लेखी सूचना देतो आणि उपकरणावर लेबल लावतो. आमच्याकडे आलेल्या माणसाने ना कार्ड दाखवलं, ना कागद दिला, ना लेबल लावलं. तो विक्रेता होता. घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल असताना 'गॅस' आणि 'धोका' हे दोन शब्द एकत्र ऐकवले की पुढचं गणित कोणी तपासत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

पुढचं गणित असं मांडलं गेलं: रेडिएटर १०, बाथरूम २, म्हणून ४० किलोवॉट. त्यासोबत 'हीट लॉस सर्व्हे'चे १८० पौंड. मोठ्या बॉयलरला मीटरपासून जाड गॅस पाइप लागतो, त्याचे वेगळे. 'सरकारी नियमाने सक्तीचा' स्मार्ट थर्मोस्टॅट, त्याचे वेगळे. सगळं मिळून ५,००० पौंडांच्या घरात, हप्त्यांवर, आणि सवलत फक्त आजच्या आज सही केली तर. आम्ही सही केली आणि ४० किलोवॉटचा बॉयलर घरात आला.

आता यातलं खरं काय आणि खोटं काय, ते नीट समजून घ्या.

कॉम्बी बॉयलरला दोन कामं असतात आणि दोन्हींचे आकडे अगदी वेगळे असतात. घर उबदार ठेवायला लागणारी ताकद म्हणजे भिंती, खिडक्या, छप्पर आणि फटींतून जेवढी उष्णता बाहेर जाते तेवढी. यालाच हीट लॉस म्हणतात. बाहेर उणे ३ अंश आणि आत २० अंश असताना आमच्या घरातून साधारण ५ किलोवॉट उष्णता बाहेर जाते. वर्षातल्या कडाक्याच्या दिवशी ५. बाहेर ८ अंश असलेल्या नेहमीच्या हिवाळी दिवशी तर अडीचच्या आसपास. रेडिएटर १० असोत की १५, घराची गरज तेवढीच राहते.

दुसरा आकडा नळाच्या गरम पाण्याचा. इथे मात्र जास्त किलोवॉट म्हणजे जास्त पाणी, हे खरं आहे. पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला सुमारे १० लिटर देतो, ४० किलोवॉटचा १६ लिटर. पण रस्त्याखालच्या पाइपातून घरात तेवढं पाणी यायला हवं ना! स्वयंपाकघरातल्या नळाखाली बादली ठेवून नळ मिनिटभर पूर्ण सोडला, तर आमच्याकडे ११ लिटर भरतं. म्हणजे ४० किलोवॉटचे पैसे भरूनही दोन शॉवर एकत्र चालवण्याइतकं पाणी आम्हाला कधीच मिळणार नव्हतं. ही बादलीची चाचणी त्या माणसाने केली नाही. केली असती तर विक्री तिथेच थांबली असती.

मोठा बॉयलर नुसता महाग पडत नाही, तो रोज जास्तीचा गॅस जाळतो. प्रत्येक बॉयलरला आपली ज्योत बारीक करण्याची एक खालची मर्यादा असते. आमच्या या नव्या बॉयलरची ८ किलोवॉट आहे. घराला हवेत अडीच आणि यंत्र आठच्या खाली उतरत नाही, तेव्हा ते पेटतं, पाणी पटकन तापतं, विझतं, पुन्हा पेटतं. दिवसभर हेच. वार्षिक सर्व्हिसिंगला आम्ही दुसऱ्याच एका स्वतंत्र इंजिनियरला बोलावलं, तेव्हा तो हातातलं घड्याळ बघत बॉयलरसमोर नुसता उभा राहिला. भडका, मग पंख्याचा आवाज, दोन मिनिटांच्या आत शांत. थोड्या वेळाने पुन्हा भडका. मग त्याने घराचा नकाशा काढून खोलीवार हिशेब केला. आकडा आला ५.४ किलोवॉट. तो एवढंच म्हणाला, "हे तुम्हाला कोणी विकलं?"

आणखी एक गोष्ट त्याने दाखवली आणि ती प्रत्येकाने आपल्या घरी बघावी. इंग्लंडमध्ये २००५ पासून बसवले जाणारे बॉयलर जवळजवळ सगळे कंडेन्सिंग जातीचे आहेत. गॅस जळताना वाफ तयार होते. ती बॉयलरच्या आत थंड होऊन पाणी झाली, की तिच्यात अडकलेली उष्णता घराला मिळते, नाहीतर धुराड्यातून बाहेर जाते. पण हे होण्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असावं लागतं, आणि जितकं खाली तितकं चांगलं. आमच्या बॉयलरचं जाणारं पाणी ८० अंशांवर ठेवलेलं होतं, त्यामुळे परतीचं ६० च्या वरच राहायचं. लेबलवर नव्वदच्या वरची कार्यक्षमता छापलेली, आणि ती मिळवायची सोयच बंद करून ठेवलेली. मागच्या भिंतीवरून एक पातळ प्लॅस्टिकची नळी गटाराच्या जाळीवर सोडलेली असते, ती या पाण्याची. आमची नळी कोरडीठाक पडलेली होती. इंजिनियरने जाणारं पाणी ५५ अंशांवर आणलं, हीटिंगची कमाल ताकद मेनूत जाऊन १० किलोवॉटवर बांधली, प्रत्येक रेडिएटरचा खालचा व्हॉल्व्ह फिरवून पाणी सगळीकडे सारखं वाटून दिलं. त्यानंतर त्या नळीतून थोड्याथोड्या वेळाने घळकन पाणी पडायला लागलं. पूर्वी ती उष्णता बाहेर हवेत जात होती आणि तिचं बिल आम्ही भरत होतो.

रेडिएटर ५५ अंशांवर पुरतील का, अशी मला शंका होती. ८० वर मिळते त्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता ते देतात. पण आमचे रेडिएटर भिंतींत इन्सुलेशन भरण्याच्या आधीच्या काळातले, तेव्हाच्या गरजेप्रमाणे मोठे. आता ते आरामात पुरतात. सासूबाईंच्या खोलीत रात्रभर एकसारखी ऊब असते. पूर्वी तासभर उकाडा आणि मग गारठा असायचा. (ज्यांच्याकडे गरम पाण्याची वेगळी टाकी आहे त्यांनी टाकीचं पाणी ६० अंशांपर्यंत तापतंय ना, हे जरूर बघा, नाहीतर लेजिओनेला जंतूंचा धोका असतो. हे ५५ फक्त रेडिएटरच्या पाण्यासाठी.)

आता त्या १८० पौंडांच्या रिपोर्टकडे येते. चांगला जाड कागद, कंपनीचा शिक्का, खोलीवार तक्ता, शेवटी ठळक अक्षरात २१.४ किलोवॉट. इंजिनियर गेल्यावर मी तो ओळीओळीने वाचला. भिंती: भरीव विटा, इन्सुलेशन नाही. खिडक्या: एकेरी काच. माळा: उघडा. तक्त्यात एक वेगळी डायनिंग रूमही होती, जी आमच्या घरात नाहीच. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या कोल्हापूरच्या वहिनींनीही याच कंपनीकडून बॉयलर बसवला होता. त्यांचं घर दोन बेडरूमचं, बऱ्याच नंतरचं. त्या रिपोर्ट घेऊन आल्या, आम्ही दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. तीच डायनिंग रूम. तेच २१.४. फक्त वरचं नाव आणि पत्ता वेगळा. वहिनी कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. त्यांच्या मिस्टरांची नोकरी त्या वर्षी गेलेली होती आणि हप्ता चालूच होता. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा.

बरं, त्या खोट्या २१.४ वरूनही ४० चा बॉयलर निघत नाही. इंग्लंडच्या बांधकाम नियमांचा एल भाग, जो १५ जून २०२२ पासून लागू आहे, तो स्पष्ट सांगतो की हीटिंग यंत्रणेचा आकार त्या घराच्या हीट लॉसच्या हिशेबावरून ठरवावा आणि ती गरजेपेक्षा फार मोठी नसावी. बॉयलर, पाइप, रेडिएटर असं सगळंच नवीन बसवलं, तर ती ५५ अंशांच्या आत चालेल अशी रचना असावी, असंही त्यात आहे. ४० किलोवॉट सक्तीचा करणारा नियम कुठेच नाही. थर्मोस्टॅटचं 'सरकारी सक्ती'चं बोलणं अर्धसत्य होतं. २०१८ पासून कॉम्बी बसवताना चार पर्यायांपैकी एक द्यावा लागतो आणि स्मार्ट कंट्रोल हा त्यांतला फक्त एक. बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाणी कमीजास्त तापवणारा साधा सेन्सर हाही त्यात बसतो, आणि आमच्यासाठी तोच योग्य होता. त्यांनी लावलेला महागडा थर्मोस्टॅट तर नुसता चालू-बंद करणाऱ्या तारांवर जोडलेला निघाला.

घर किती उष्णता खातं हे तपासायला कोणाला पैसे द्यायला नकोत. कडक थंडीच्या दिवशी हीटिंग अखंड चालू ठेवा, सकाळी गॅस मीटर वाचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वाचा. आमच्याकडे बाहेर सरासरी शून्य अंश असताना १२ घनमीटर गॅस जळला. एका घनमीटरला साधारण ११ किलोवॉट-तास धरा, म्हणजे १३२. आंघोळी आणि स्वयंपाकाचे १२ वजा केले, उरले १२०. बॉयलरची खरी कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर १०५ च्या आसपास. त्याला २४ ने भागा: साडेचार किलोवॉटही नाही. कडाक्यासाठी थोडं वाढवलं की ५. इंजिनियरचा कागदावरचा हिशेब आणि हे मीटरचं उत्तर एकमेकांना जुळतं. जुन्या मीटरवर आकडे घनफुटांत असतात, तेवढं बघून घ्या.

कागदपत्रांबद्दल. घरी बसून केलेल्या अशा करारातून बाहेर पडायला कायद्याने १४ दिवस मिळतात, आणि हा हक्क विक्रेत्याने लेखी सांगावा लागतो. आमच्याकडून टॅबलेटवर एका खाली दुसरी अशा सह्या घेतल्या, त्यांत 'काम ताबडतोब सुरू करा' अशी विनंतीही आमच्याच नावाने होती. त्या मुदतीत काम पूर्ण झालं की हा हक्क जाऊ शकतो, म्हणूनच त्यांची माणसं इतक्या घाईने आली. बॉयलरसोबत मिळणाऱ्या बेंचमार्क नोंदवहीत बसवतानाच्या तापमानाचे आणि गॅसचे रकाने कोरे होते. कोरे रकाने दिसले तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

कंपनीने आमच्या पत्रांना दाद दिली नाही. मग आम्ही फायनान्स कंपनीकडे तक्रार केली. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत किमतीची वस्तू विक्रेत्याने जोडून दिलेल्या कर्जावर किंवा क्रेडिट कार्डवर घेतली असेल, तर खोटं सांगून विकल्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावरही तेवढीच येते. दोन्ही घरांचे सारखे रिपोर्ट, स्वतंत्र इंजिनियरचा हिशेब, बादलीचा आणि मीटरचा फोटो, सगळं जोडलं. सर्व्हेचे पैसे, गॅस पाइपचा खर्च, थर्मोस्टॅट आणि योग्य आकाराच्या बॉयलरशी असलेला किमतीतला फरक त्यांनी कर्जातून वजा केला. जुना बॉयलर त्यांनी नेला तो गेलाच. जाड तांब्याचा पाइप अजून पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीवरून गेलेला आहे, आणि ८ किलोवॉटची खालची मर्यादा कोणत्याही मेनूतून बदलत नाही. पेटणं-विझणं कमी झालं आहे, थांबलेलं नाही.

वहिनींची तक्रार त्याच फायनान्स कंपनीकडे अजून पडून आहे. आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर ती फायनान्शियल ओम्बड्समनकडे (अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) नेता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यांचा अर्ज आम्ही भरून ठेवला आहे. तुमच्याकडच्या रिपोर्टमध्ये २१.४ हा आकडा किंवा घरात नसलेली डायनिंग रूम सापडली, तर तुमच्याच कर्ज कंपनीला लेखी कळवा आणि रिपोर्टची प्रत जपून ठेवा.